कोपर वाकवायचे दिवस

डॉक्टरांनी माझ्या कोपराला प्लॅस्टिकचा कोनमापक लावला, आकडा वाचला. मागच्या वेळी किती होतं ते पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही व्यायाम करत नाही."

तो प्रश्न नव्हता. शेजारच्या खुर्चीतला माझा नवरा खिडकीबाहेर पाहू लागला.

"गुडघा थोडा तरी थांबतो. कोपर थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "आतली जखम मऊ आहे तोवर वाकवलंत तर वाकेल. ती कडक झाली की पुन्हा ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री देत नाही. पुढच्या महिन्यात या."

वेलचेरीच्या मुख्य रस्त्यावर माझ्यापुढची शेअर ऑटो एका प्रवाशासाठी अचानक थांबली होती आणि मी स्कूटरसकट दुभाजकावर आदळले होते. उजवं कोपर फुटलं. आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणाले. प्लास्टर निघालं तेव्हा हात जेमतेम अर्धा वाकत होता. पाण्याचा पेला तोंडापर्यंत यायचा नाही. वेणी घालणं, कानात डूल घालणं, पाठीला साबण लावणं, सगळं डाव्या हातावर किंवा नवऱ्यावर.

व्यायाम साधा होता. टेबलावर टॉवेलची घडी, तिच्यावर कोपर, आणि डाव्या हाताने आधार देत उजवा हात आपल्याकडे वाकवत न्यायचा. अडला की तिथेच धरून ठेवायचा. दिवसातून अनेकदा. यात न समजण्यासारखं काही नाही. पण तो जिथे अडायचा तिथे जे दुखायचं, ते मी कधी कोणाला नीट सांगू शकले नाही. डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. मग पुढच्या खेपेला टॉवेल नुसता दिसला तरी मी तोंड फिरवायचे.

सुरुवातीला फिजिओथेरपीला जात होते. तिथली मुलगी गोड होती, कडक होती, आणि दर वाक्यात तिचं 'मोटिव्हेशन' यायचं. "मॅडम, तुमचं मोटिव्हेशन कमी पडतंय." हळूहळू माझं जाणं कमी झालं, मग थांबलंच. नवरा सकाळी पेरुंगुडीला ऑफिसला जायचा, लेक पुण्याला होस्टेलवर. मी पंख्याकडे बघत पडून राहायचे. माझंही ऑफिस पेरुंगुडीलाच. तिथून साहेबांचे फोन यायचे, कधी येताय म्हणून. मी पुढचा आठवडा सांगायचे. बहीण कऱ्हाडहून रोज सकाळी कुणीतरी डोंगर चढतानाचा व्हिडिओ पाठवायची. मी तो पाहायचे, 'छान' लिहायचे आणि कुशीवर वळायचे.

आळस नव्हता तो. आळशी माणसाला पडून राहण्यात निदान सुख वाटतं. मला आतून कोणीतरी सारखं ढकलत होतं आणि मी जागची हलत नव्हते. संध्याकाळी नवऱ्याच्या किल्लीचा आवाज आला की मी उठून बसायचे, कारण आता तो विचारणार. तो विचारायचा. मी म्हणायचे, "केला थोडा." डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी मात्र त्याने विचारलं नाही. गाडीत तो एकदाच बोलला, "मी काय करू सांग. ओरडू का? मग करशील का?"

"ओरडून बघ," मी म्हणाले. तो ओरडला नाही. 

त्याच आठवड्यात शेजारच्या फ्लॅटमधली सून दार वाजवून आत आली. तिशीतली, तमिळ. लिफ्टमध्ये हसण्यापुरती आमची ओळख. तिच्या सासरची माणसं तंजावरकडची मराठी, हे मला ठाऊक होतं. तिचे सासरे आवडी या इथल्याच उपनगरातल्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्तीनंतर आणि बायको गेल्यावर मुलाकडे आले. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, हेही ऐकून होते. पण विचारपूस करायला मी गेले नव्हते.

"अक्का, तुम्हाला मराठी येतं ना?" ती उभ्याउभ्याच म्हणाली. "मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तमिळ गेलं हो. इंग्रजीही गेलं. जे काही थोडं तोंडून येतं ते मराठी येतं, आणि मला ते समजत नाही. माझ्या नवऱ्याला मोडकंतोडकं येतं, पण तो रात्री येतो. स्पीच थेरपीवाली आली की मामा भिंतीकडे तोंड करतात. चालायला सांगितलं की शिव्या देतात. म्हणजे शिव्याच असाव्यात." आणि ती रडायला लागली.

तमिळ मला भाजीबाजारापुरतंच येतं, ती तमिळ-इंग्रजी मिसळून बोलत होती, तरी सगळं समजलं. नाही म्हणावंसं वाटत होतं. स्वतःचा हात वाकवत नाही ती दुसऱ्याला काय उठवणार? पण तिचं रडणं थांबेना म्हणून गेले.

ते पलंगाच्या कडेवर बसले होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर निपचित. सुनेने माझ्याकडे बोट करून "मराठी, मराठी" म्हटलं. त्यांनी मान वर केली.

"नमस्कार काका," मी म्हणाले.

बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग शब्द आला. "हिंगे." आणि डाव्या हाताने त्यांनी खुर्ची दाखवली. त्यांच्या घरच्या मराठीत 'हिंगे' म्हणजे इथे. मी बसले. बोलावं काय ते सुचेना, म्हणून सून म्हणत होती तेच म्हणाले, "काका, जरा उठून चालायचं का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "उगे!" ते ओरडले. गप्प, एवढाच अर्थ असणार. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. मी तो पोटाशी धरून बसले होते, तसाच अर्धवट वाकलेला.

"हात," ते म्हणाले.

"मोडला होता."

"वाकव."

"नाही वाकत."

"वाकव," ते पुन्हा म्हणाले, आता हुकूम सोडल्यासारखं.

मला राग आला. "तुम्ही उठा, मग मी वाकवते."

मी हे बोलले आणि जीभ चावली. पण ते माझ्याकडे रोखून पाहत होते, आणि त्या दृष्टीत मला खूप दिवसांनी एक गोष्ट दिसली: त्यांना माझी कीव येत नव्हती. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, सुनेचा हात झटकला आणि दातओठ खात उभे राहिले. क्षणभरच. मग धपकन बसले आणि माझ्याकडे पाहिलं.

आता मला पळवाट नव्हती. मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर कोपर टेकवलं आणि वाकवायला लागले. अडलं. डोळ्यांत पाणी आलं. सोडणार तेवढ्यात ते मोजायला लागले. "एक. दोन. तीन." स्वच्छ, न अडखळता. सून तोंडावर हात घेऊन उभी राहिली. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून सलग इतके शब्द तिने ऐकलेच नव्हते. पुढे स्पीच थेरपीवालीने सांगितलं की असं होतं, बोलणं गेलं तरी मोजणं कधीकधी शिल्लक राहतं. त्या वेळी मला एवढंच समजलं की म्हातारा दहापर्यंत मुद्दाम सावकाश मोजतोय.

मग रोजचंच झालं. सकाळची कामं आटोपली की मी जायचे. मी वाकवायचं, त्यांनी मोजायचं. त्यांनी चालायचं, मी मोजायचं. ऐकायला हे गोड वाटेल, पण गोड अजिबात नव्हतं. आम्ही दोघंही वाईट मनःस्थितीतली माणसं होतो आणि एकमेकांवर पाळत ठेवून होतो. मी अंग चोरलं की ते काठी आपटायचे. त्यांनी पाऊल न उचलता नुसतं फरपटवलं की मी मोजायची थांबायचे. एकदा त्यांनी कॉफीचा पेला भिरकावला, तो माझ्या पायाशी पडला. मी फाटकन दार लावून घरी आले आणि ठरवलं, पुन्हा जायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी पंख्याखाली पडले होते आणि भिंतीपलीकडून काठीचा आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. ते भिंत ठोकत होते. मी उशी कानावर घेतली. तरी ठक, ठक. शेवटी चिडूनच उठले आणि गेले. इच्छा होती म्हणून मी एकही दिवस गेले नाही. गेले, कारण नाही गेले तर ते बसून राहतील, आणि मीही अंग चोरतेय हे त्यांना कळेल.

कोपर थोडं हललं. पेला जवळ आला, पण तोंडाला लागत नव्हता. डॉक्टरांची तारीख जवळ येत चालली तशी मला पहाटे जाग यायला लागली. ऑपरेशनचं टेबल, तो वास, सगळं आठवायचं. आणि जास्त घाबरले की व्यायाम कमी व्हायचा, हे मला कळत असूनही व्हायचं.

त्यात तो दिवस आला. सून तिच्या मुलाला शाळेतून आणायला गेली होती. मी काकांपाशी बसले होते. नेहमीसारखं दारापर्यंत चालून झालं आणि ते वळले नाहीत. दार उघडायला लावलं. लिफ्टपाशी आले. लिफ्टच्या दाराला दुरुस्तीची पाटी होती. त्यांनी जिन्याकडे काठी रोखली.

"खाली," ते म्हणाले.

"नको काका. सून येऊ दे."

"खाली!" आणि मग, अडखळत, शब्द शोधत, "मला... जायचं... खाली."

त्यांच्या तोंडून 'मला जायचं' मी पहिल्यांदा ऐकलं. इतके दिवस आम्ही त्यांना ढकलत होतो. आज त्यांना स्वतःला कुठेतरी जायचं होतं. नाही कशी म्हणू? आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. ठरवलं, पहिल्या वळणापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. काठी मी घेतली, त्यांनी डाव्या हाताने कठडा धरला, मी त्यांच्या अधू बाजूने एक पायरी खाली उतरले.

वळणापर्यंत छान आलो. तिथे त्यांचा उजवा पाय अडकला, गुडघा दुमडला आणि त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. काठी खडखडत खाली गेली. मी डाव्या हाताने त्यांची कंबर धरली, आणि उजवा हात काय करतोय हे कळायच्या आत तो कठड्याच्या गजांमध्ये अडकला होता. आम्ही दोघं त्या हातावर लोंबकळत होतो. कोपरात काहीतरी कट्ट वाजलं. मी ऐकलं. पट्टी निघाली, माझ्या मनात एवढंच आलं.

"कठडा सोडू नका," मी म्हणत राहिले. "काका, कठडा सोडू नका." त्यांचा श्वास माझ्या कानाशी जोरजोरात वाजत होता. खाली पायऱ्यांची उतरण होती. मी हाका मारल्या, मराठीत, मग तमिळमध्ये, मग नुसत्याच. दुपारची वेळ, कोणाचं दार उघडेना. त्यांचा हात कठड्यावरून सरकताना मला दिसत होता, बोटाबोटाने. तेवढ्यात खालून चपलांचा आवाज आला. सून होती. पोराचं दप्तर टाकून ती धावत वर आली, त्यांना मागून धरलं, आणि आम्ही दोघींनी त्यांना पायरीवर बसवलं. त्यांचं खरचटलंही नव्हतं. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

संध्याकाळी त्यांचा मुलगा आमच्या दारात आला. शांत, नीटनेटका माणूस. एरवी तो माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. त्या दिवशी बहुधा मला नीट कळावं म्हणून मराठीत बोलला, एकेक शब्द जुळवत. "तुम्ही डॉक्टर नाहीत. बाबा पडले असते तर? तुम्ही आमच्या घरी येऊ नका."

माझा नवरा काही बोलणार होता, मी त्याला थांबवलं. 

रात्रभर कोपर सुजत गेलं. सकाळी एक्स-रे काढला. फिल्म येईपर्यंत मी बाकावर बसून होते; नवऱ्याने माझा डावा हात धरला होता. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली. "पट्टी जागेवर आहे," ते म्हणाले. "आतला एखादा चिकटलेला पदर तुटला असणार. नशीब समजा, हाड नाही तुटलं. सूज उतरेपर्यंत आराम. पण उतरली की लगेच सुरू करायचं. नाहीतर आधीपेक्षा वाईट होईल."

सूज उतरली. आणि मी सुरू केलं नाही.

आता माझ्यावर पाळत ठेवणारं कोणी नव्हतं. भिंतीपलीकडून ठकठक येत नव्हती. सून लिफ्टमध्ये भेटली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "मामा उठतच नाहीत आता. जेवणही पलंगावरच." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी टॉवेल घेतला, टेबलापाशी बसले, आणि उठले. पुन्हा बसले. उठले. घरात बसवेना म्हणून टॉवेल घेऊन बाल्कनीत आले. तिथे कठड्यावर कोपर ठेवायला जागा होती. आमची बाल्कनी आणि त्यांची बाल्कनी यांच्यात फक्त एक भिंत. विचार करायच्या आधी मी हात वाकवला आणि मोठ्याने मोजायला लागले, जेणेकरून आतलं रडणं बाहेर पडू नये. एक, दोन, तीन. पलीकडे सामसूम. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी फार दुखत होतं. मी सातनंतर एकदम नऊ म्हटलं.

"आठ!" भिंतीपलीकडून आवाज आला.

मी हात तसाच धरून ठेवला. मग "आठ" म्हटलं, नऊ म्हटलं, दहा म्हटलं. हात सोडला आणि भिंतीला पाठ लावून हसत आणि रडत बसले. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पलंगापासून बाल्कनीपर्यंत ते चालत आल्याशिवाय त्या खुर्चीत बसूच शकत नव्हते. पलीकडूनच सून हळूच म्हणाली, "अक्का, तुमचा आवाज आला की उठतात. मी नुसती दार उघडते." मी तिला म्हटलं, "नवऱ्याला सांगून टाक. लपवू नकोस. पुन्हा काही झालं तर तुझ्यावर येईल." ती बरं म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

चार-पाच दिवस काही घडलं नाही. त्या दिवसांत मी रोज बाल्कनीत जायचे ते दाराकडे एक कान ठेवून. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. मुलगाच होता. आता काय ऐकवतो म्हणून मी चौकट धरून उभी राहिले.

"बायकोने सांगितलं," तो म्हणाला. "ते रोज बाल्कनीत जातात म्हणे. मी दोन तास बसलोय त्यांच्यापाशी. माझ्यासमोर उठत नाहीत. का?"

"त्यांनाच विचारू या," मी म्हणाले.

त्याने क्षणभर विचार केला आणि बाजूला होऊन मला वाट दिली. काका पलंगावर बसले होते. मला पाहून त्यांनी मान वळवली, बहुधा जिन्यानंतर पहिल्यांदाच समोर आलो म्हणून. मी खुर्ची ओढली. "काका, मुलगा आलाय तर उठत का नाही?"

शब्द जमवायला त्यांना फार वेळ लागला. मुलगा मध्येच सांगायला गेला, मी हाताने त्याला थोपवलं.

"हा," काका म्हणाले, मुलाकडे काठी करून. "हा... डोळे मिटतो."

 मुलाने मान खाली घातली. मग मला इंग्रजीत म्हणाला की झटका आला तेव्हा ते त्याच्यासमोरच कोसळले होते, न्हाणीघराच्या दारात, आणि ते उभे राहायला लागले की त्याला तेच दिसतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

मी म्हटलं, "मग आज उघडे ठेवा. पडले तर धरायला आपण तिघं आहोत."

काकांनी काठी घेतली. मुलगा त्यांच्या अधू बाजूला जाऊन उभा राहिला. ते उठले, डोलले, आणि मी पाहिलं, त्याने ओठ इतके आवळले होते की पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते. पलंग, दार, बाल्कनी. तिथे पोचल्यावर काका खुर्चीत बसले नाहीत. कठड्याला धरून खाली रस्त्याकडे पाहत उभे राहिले. लिफ्ट सुरू झाल्याचं मुलाने त्यांना सांगितलं, आपल्या मोडक्या मराठीत, आणि विचारलं, "संध्याकाळी जाऊं?"

"आत्ता," काका म्हणाले.

ते तिघं खाली गेले. मी घरी आले, कारण माझा व्यायाम व्हायचा होता, आणि त्या दिवशी मोजायला पलीकडे कोणी नव्हतं. नवरा पेपर वाचत होता. मी टेबलावर टॉवेल ठेवला आणि त्याला म्हटलं, "ओरडू नकोस. फक्त समोर बस." त्याने पेपर घडी करून ठेवला आणि बसला.